रजईच्या मगजीत

त्या साली पांढरकवड्यात माणसांचे चेहरे बघवत नव्हते. कापसाचा भाव पडला की तो नुसता शेतकऱ्याच्या घरी पडत नाही. जिनिंगमधल्या हमालाच्या, सुताराच्या, शिंप्याच्या, पानठेलेवाल्याच्याही चुलीवर येऊन पडतो. लागोपाठच्या वाईट हंगामांनी गावाच्या गालांची हाडं वर काढली होती. आणि अशा गावात, बसस्थानकामागच्या मोहल्ल्यात, मुख्तार पिंजाऱ्याची अलफिया तेवढी लखलखत होती.

लखलखत होती म्हणजे खरोखरच लखलखत होती. वीस वर्षांची पोर, गाल भरलेले, कातडी कशी तूप चोळल्यासारखी तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाड आणि मऊ. भुवयांची बाहेरची टोकं विरळ होऊन गेली होती, त्यामुळे मोहल्ल्यातल्या पोरींना वाटायचं की ही यवतमाळच्या पार्लरात जाऊन आली आणि आपल्याला सांगत नाही. नळावर बाया जैबुनबीला विचारायच्या, "आपा, काय खाऊ घालता व पोरीले?" जैबुनबी, म्हणजे अलफियाची आई, हंडा कमरेवर घेत म्हणायची, "काय खाऊ घालणार माय, अल्लाची देन हाये." पण मनातून ती फुलून जायची. कारण ती स्वतःच्या ताटातलं तूप पोरीच्या ताटात वाढत होती आणि ते तूप गावाला दिसत होतं.

जैबुनबी काही दुष्ट बाई नव्हती. दुष्ट असती तर पोरीकडे तिचं इतकं लक्ष राहिलं नसतं आणि पोर कदाचित वाचली असती. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. एकुलती एक लेक चांगल्या घरी पडावी, आणि ती पडेपर्यंत तिच्या अंगाला कोणी नाव ठेवू नये.

मुख्तारचं दुकान म्हणजे रस्त्याकडेचं टिनाचं खोपट. आत विजेवरचं पिंजण, भिंतीला टांगलेली बापाच्या वेळची, हातानं कापूस पिंजायची धुनकी, आणि सगळ्यावर कापसाचा पांढरा धूर. तो कापूस पिंजायचा, घरी मायलेकी रजया भरायच्या आणि टाके घालायच्या. बाजारात फोमच्या गाद्या आल्या होत्या, लग्नं आखडती झाली होती, तरी मुख्तारच्या रजईचं नाव टिकून होतं. त्या नावामागे अलफियाचे हात होते.

पिंजाऱ्यांच्या घरात एक रीत असते. रजई पुरी झाली की घराबाहेर जायच्या आधी ती शोधायची. अंगणात पसरायची, डोळे मिटायचे आणि दोन्ही तळहात काठापासून काठापर्यंत फिरवायचे. आत सरकी राहिली असेल, गाठ राहिली असेल, मोडक्या सुईचं टोक राहिलं असेल, ते हाताला लागतं. डोळे उघडे ठेवून शोधलेली रजई शोधलेली धरत नाहीत. आणि एका घरानं शोधून दिलेल्या रजईवर दुसऱ्या पिंजाऱ्यानं पुन्हा हात फिरवला, तर ते तोंडात मारल्यासारखं असतं. अलफिया परकरात होती तेव्हापासून घरातली प्रत्येक रजई तीच शोधत आली होती. जाड कापसाखालची एकुलती एक सरकी ती बोटाच्या टोकानं दाखवायची आणि मुख्तार गिऱ्हाइकासमोर हसायचा.

मग एका दुपारी विठ्ठलराव दुकानात आले. जुनं गिऱ्हाईक, मितभाषी माणूस. त्यांनी नातीच्या लग्नासाठी नेलेली रजई फळीवर ठेवली आणि तिच्यावर अर्धी मोडकी सुई ठेवली. "नातजावयाच्या पायात गेली," एवढंच म्हणाले. मुख्तारनं मान वर केली नाही. विठ्ठलराव गेल्यावर त्यानं पिंजण बंद केलं आणि ती सुई घेऊन घरी आला.

जैबुनबीनं काही विचारायच्या आधी पोरीच्या मुस्काटात ठेवून दिली.

"शोधली होती का नाही?"

"शोधली होती अम्मी. मले लागलीच नाई."

"लागली नाई? मंग हात काय कुत्र्यानं खाल्ले तुहे?"

जैबुनबीचं डोकं फिरलेलंच होतं. तिनं ती मोडकी सुई उचलली, पोरीचा उजवा हात ओढला आणि करंगळीच्या बुडाशी, तळव्याच्या काठावर खुपसली. रक्ताचा थेंब वर आला. अलफिया आईच्या तोंडाकडे बघत होती, हाताकडे नाही.

"हे लागते का?"

"काय?" अलफिया म्हणाली.

सुईवाल्या बायांची बोटं मरतात, हे तिला ठाऊक होतं. तिची स्वतःची दोन बोटं टोकाशी दगड झालेली होती. पोर कधीमधी भाकरी उलटताना पोळते आणि तिला कळत नाही, हे तिनं बघितलं होतं आणि ते सुईच्या खाती टाकलं होतं. पण तळव्याच्या काठाला सुई लागत नाही. तिथली कातडी लुगड्यासारखी मऊ असते. ती मरायचं काही कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं सत्यशीला नावाच्या डॉक्टर होत्या, यवतमाळच्या एका बौद्ध घरातल्या, तरुण आणि थोड्या तुटक बोलणाऱ्या. त्यांनी अलफियाचं कोपर दाबून पाहिलं. मग कान चिमटीत धरून पाहिला. मग ट्रेमधून कापसाचा एक तंतू काढला, त्याला पीळ दिला आणि म्हणाल्या, "डोळे मिट. मी कुठं हात लावते ते बोटानं दाखव."

पिंजाऱ्याच्या पोरीनं डोळे मिटले. डॉक्टरनं कापूस कपाळाला लावला, तिनं दाखवलं. दंडाला लावला, दाखवलं. मग गालाला लावला, उजव्या तळव्याला लावला, करंगळीला लावला. अलफिया डोळे मिटून, बोट वर करून, कधी लावतील याची वाट बघत बसून राहिली. जन्मापासून जी पोर कापसात लोळली, तिला कापूस लागत नव्हता. जैबुनबीनं तोंडात पदर कोंबला.

कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन डॉक्टरनं काचेवर पाणी घेतलं. तेही अलफियाला लागलं नाही. दोन दिवसांनी परत बोलावलं आणि अलफियाला सूक्ष्मदर्शकाखाली बघू दिलं. निळ्या फेसात लाल काड्यांच्या जुड्या दिसत होत्या.

"कुष्ठरोग आहे," डॉक्टर सत्यशीला म्हणाल्या. "बरा होतो. वर्षभर गोळ्या, एकही दिवस खाडा नको."

जैबुनबी खाली बसली. महारोग हा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला नाही. "डॉक्टरीनबाई, हे कसं होईन? पोरीचं तोंड तरी पाहा. अशा रोग्याचं तोंड असते का?"

"असंच असतं, खाला," डॉक्टर म्हणाल्या. "हा जंतू लबाड आहे. अंगात चोर शिरला की त्याला गिळायला पेशी धावतात. यालाही गिळतात. पण हा पोटात जाऊन मरत नाही. आत बसून त्या पेशीलाच कामाला लावतो. चरबी साठव म्हणतो. थेंबाथेंबानं ती साठवत जाते, फुगते, साबणाच्या फेसासारखी होते. हा त्या चरबीवर जगतो आणि तिच्याच आड लपतो. अशा फुगलेल्या पेशी कातडीखाली दाटल्या की कातडी ताणते आणि तुकतुकीत दिसते. तुम्ही जिला चमक म्हणता ना, ती तीच आहे. नसांच्या वेष्टनातही तो हेच करतो. तिथं चमक दिसत नाही, तिथं हात मरतो."

"मी तूप घालत होती तिले," जैबुनबी पुटपुटली.

"तुमच्या तुपाचा काही दोष नाही. खाण्यातलं तेल-तूप वेगळं, हे वेगळं. तिला चांगलं खाऊ घाला."

जैबुनबीनं पहिलं सगळं ऐकलं आणि हे शेवटचं ऐकलं नाही. चरबीवर जगतो, एवढंच तिनं पदरात बांधून घेतलं. डॉक्टर पुढे बरंच सांगत होत्या. एक गोळी काळपट लाल आहे, तिनं रंग काळवंडतो, घाबरायचं नाही, औषध संपल्यावर रंग परत येतो. कोपराशी दुखलं, हात जड पडला, तर त्याच दिवशी यायचं, त्याला वेगळं औषध लागतं. "नस एकदा मेली की परत येत नाही, खाला. चमक गेली तर जाऊ द्या. बोटं राहिली पाहिजेत."

त्या दिवसापासून अलफियाचं तूप बंद झालं. तूपच काय, फोडणीचं तेल बंद झालं, शेंगदाणे बंद झाले, ईदच्या शिरखुर्म्यातली तिची वाटी बंद झाली. कोरडी भाकर, मीठ आणि तिखट. मुख्तार म्हणाला, "डॉक्टरीन चांगलं खाऊ घाला म्हणे." जैबुनबी म्हणाली, "अन् कोणाले खाऊ घालू? पोरीले का त्या किड्याले?" तिला वाटत होतं, आपण त्याला उपाशी मारतोय. मरत होती पोर. चार-सहा आठवड्यांत अलफियाच्या गळ्याची हाडं दिसायला लागली.

गोळ्यांची दोन पाकिटं संपली आणि चेहरा काळवंडायला लागला. आधी विटकरी, मग तव्यासारखा. नळावर बाया आता तूप विचारत नव्हत्या. "काय झालं व अलफियाले? नजर लागली का?" असं विचारून एकमेकींकडे बघत होत्या. जैबुनबी घरात येऊन हंडा आपटायची. लखलखत होती तेव्हा पोर आजारी होती आणि कोणी नाव ठेवलं नाही, आणि आता औषधानं बरी व्हायला लागली तर गाव बोट दाखवतंय, ही गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. बसली असती तरी तिनं तेच केलं असतं जे पुढं केलं.

कारण नेमका तेव्हाच राजूरहून निरोप आला. राजूरच्या कोळशाच्या वस्तीत हुरमतबी म्हणून एक विधवा बाई होती, माहेर-सासर दोन्हीकडून पिंजारी. नवरा गेल्यावर तिचा मुलगा तारिक ट्रकांच्या इंजिनाचं काम शिकला होता आणि खाणीच्या ट्रकांमुळे त्याचं गॅरेज चालत होतं. कापूस पडला तरी कोळसा पडत नव्हता. हुरमतबीनं आदल्या वर्षी वणीच्या एका लग्नात अलफियाला पाहिलं होतं, त्या लखलखीत दिवसांत, आणि ती पोरगी तिच्या डोळ्यांत भरली होती. दोन महिन्यांनी बघायला येतो, असा निरोप होता.

जैबुनबीनं त्याच संध्याकाळी गोळ्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

"अम्मी," अलफिया म्हणाली, "डॉक्टरीन एक दिवस बी खाडा नोको म्हणे."

"खाडा नाई करून राह्यलो आपण. पुढं ढकलून राह्यलो. निकाह होऊ दे, मंग खाय सगळ्या."

"हात माहा हाय अम्मी."

"अन् नशीब कोणाचं हाय? हे काळं तोंड घेऊन बसशीन तिच्यापुढे? मंग जन्मभर बस इथंच, हात पाहत."

मुख्तारनं एकदाच तोंड उघडलं. डॉक्टरीनला विचारावं, म्हणाला. "डॉक्टरीन देईन का आपला पोरगा तिले?" जैबुनबी म्हणाली. मुख्तार उठून पिंजणावर गेला. त्याला मशीनचा आवाज आवडायचा, त्यात दुसरं काही ऐकू येत नाही.

तरी जैबुनबी अगदीच हात झटकून मोकळी झाली नाही. ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टर सत्यशीलांना म्हणाली, पोरीला आदिलाबादला मामाकडे ठेवतोय वर्षभर, उरलेली सगळी पाकिटं एकदम द्या. डॉक्टरनं दोनदा विचारलं, तिकडच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, नसेचं पुन्हा बजावलं आणि पाकिटं दिली. चिठ्ठी जैबुनबीनं दाराबाहेर येऊन फाडली. पाकिटं मात्र पोटाशी धरून घरी आणली. पोरीचं लग्नही होईल आणि हातही राहील, दोन्ही आपणच वाचवणार, असा तिचा हिशेब होता.

दोन महिन्यांत काळेपण बरंचसं उतरलं आणि खालची चमक जशीच्या तशी होती. पोर काडी झाली होती, पण तोंड भरलेलं. हुरमतबीनं तिची हनुवटी उचलली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "नूर हाये पोरीच्या तोंडावर." बोलणी तिथंच पक्की झाली. जैबुनबीनं आत येऊन शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढली. अलफिया चुलीपाशी बसून उजवं कोपर चोळत होती. "दुखते का?" आईनं विचारलं. "थोडंसं," पोर म्हणाली. "लग्नाची दगदग हाये," आई म्हणाली.

उन्हाळ्यात निकाह ठरला. पिंजाऱ्याची पोर सासरी जाते तेव्हा बापाच्या हातचा कापूस आणि आईच्या हातचे टाके तिच्याबरोबर जातात. मुख्तारनं त्या वाईट सालात कुठून तरी लांब धाग्याचा नवा कापूस मिळवला आणि मशीनवर नाही, भिंतीवरची बापाची धुनकी उतरवून तिच्यावर पिंजला. जैबुनबीनं लाल साटिनची रजई भरली. सगळे टाके तिनं एकटीनं घातले, आणि काठाची मगजी, म्हणजे भोवतीची जाड पट्टी, शिवताना सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

पाकिटांतल्या गोळ्या तिनं काढून घेतल्या होत्या. कागद चुरचुरतो म्हणून जुन्या मलमलच्या पुड्या केल्या, प्रत्येक पुडीला कापसाचा थर दिला आणि पायथ्याच्या मगजीत अंतरा-अंतरानं दडवल्या. पांघरणाऱ्याला कळणार नाहीत, शोधणाऱ्या हाताला कळतील, अशा. तिचं ते सगळ्यात सुंदर काम होतं. सासू रीतीप्रमाणे एक कोपरा उसवून कापूस पाहणार, हे ती जाणून होती, म्हणून चारही कोपरे मोकळे ठेवले.

झालंही तसंच. चौथीच्या दिवशी, म्हणजे निकाहनंतर लेक माहेरी येऊन पुन्हा सासरी निघते तेव्हा, हुरमतबीनं सगळ्या बायांदेखत उशाचा कोपरा उसवला, कापूस हातावर घेतला, फुंकर मारली. नवा कापूस बघून तिचे डोळे ओले झाले. त्या दिवसांत लोक लेकीच्या रजईतही जुना कापूस पुन्हा पिंजून भरत होते. तिनं कोपरा स्वतःच्या हातानं शिवून टाकला.

निघताना जैबुनबीनं पोरीला छातीशी धरलं आणि कानात सांगितलं, "पायथ्याच्या मगजीत हायेत. एक-एक काढत जाय, खात जाय, टाका घालून टाकत जाय. कोणाले सांगशीन तर माह्या दुधाची शपथ हाये तुले."

"अम्मी, मले सापडतीन का?"

"हाताले लागन," जैबुनबी म्हणाली. पिंजाऱ्याच्या घरात पोरींना रोज जे सांगतात, तेच ती बोलून गेली. तिच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं. पोरीच्या हातात मेंदी होती आणि बाया ओरडत होत्या, जीप सुटतेय म्हणून.

हुरमतबी काटकसरी बाई. इतकी चांगली रजई उन्हाळ्यात कशाला वापरायची, म्हणून तिनं ती डांबराच्या गोळ्या टाकून लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. ही साधी गोष्ट जैबुनबीच्या ध्यानात आली नव्हती. पहिल्या पावसाळ्यात अलफियानं वस्तीतल्या टेलिफोनच्या डब्यावरून मोहल्ल्यातल्या दुकानात फोन लावला. तारिक बाजूला उभा होता, म्हणून तिनं एवढंच म्हटलं, "अम्मी, रजई पेटीत हाये." दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणून जैबुनबीनंही एवढंच म्हटलं, "थंडी येऊ दे." दवाखान्यातून एक माणूस दोनदा घरी विचारायला आला, तेव्हा तिनं सांगितलं, पोर आदिलाबादला मजेत आहे. थंडी काय, येतेच दरवर्षी, असं ती स्वतःला सांगत राहिली.

थंडी आली आणि जैबुनबी लेकीला भेटायला निघाली. वणीपर्यंत एसटी, पुढे ऑटो. राजूरला उतरली तेव्हा झाडांवर, छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी पूड होती. त्या काळ्या अंगणात लाल रजई बाजेवर उन्हाला पसरलेली तिला लांबूनच दिसली. तिचा जीव भांड्यात पडला. रजई पेटीतून निघाली होती.

हुरमतबीनं तिला मिठी मारली. "पाह्य माय, कशी लखलखून राह्यली आमची सून. तुमच्या इथून आली तवा काडी होती. इथलं खाणं मानवलं तिले."

अलफिया दारात आली. चेहरा तसाच, त्याहून जास्त. गाल चकाकत होते, कानाच्या पाळ्या लोंबायला लागल्या होत्या, भुवया जवळजवळ नव्हत्या. वस्तीतल्या बाया हुरमतबीला विचारत असणार, काय खाऊ घालता सुनेला. तिनं चहाचा कप दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून आणला, लहान लेकरं धरतात तसा. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलं होतं आणि सरळ होत नव्हतं. तळव्यावर जुने-नवे पोळल्याचे चट्टे होते.

"अन् कामाले तर अशी," हुरमतबी कौतुकानं सांगत होती, "चुलीवरचा भाताचा गंज फडक्याबिगर उतरवते. हुं की चूं नाई. असा हात म्या पाह्यला नाई कोणाचा." मग साखर आणायला म्हणून ती आत गेली.

जैबुनबी बाजेवर रजईशेजारी बसली. "काढल्या का?" तिनं हळूच विचारलं.

"नाई."

"काहून? पेटीतून निघून किती दिवस झाले?"

"लय शोधल्या अम्मी," अलफिया म्हणाली. "रोज शोधते. दुपारी त्या झोपल्या की शोधते. डोळे मिटून शोधते, उघडे ठेवून शोधते. मले काहीच लागत नाई, डाव्या हाताले बी नाई. म्हटलं उसवून पाहू, तं सुई धरता येत नाई, मंग शिवू कशी? त्याईले उसवलेलं लगेच दिसते. मले वाटलं, तू ठेवल्याच नाई."

जैबुनबीनं हात पुढं केला. मगजीवर ठेवला आणि तिथंच थबकला. दाबायचीही गरज पडली नाही. पहिली पुडी तिच्या बोटाखाली होती. चार बोटं पुढं दुसरी होती. त्यांच्यापुढं तिसरी होती. सगळ्या होत्या, ज्या तिनं ठेवल्या त्या सगळ्या, कापसात गुंडाळलेल्या, कोरड्या आणि शाबूत.

तिनं लेकीचा उजवा हात धरला आणि पुडीवर ठेवला. "हे पाह्य. लागलं?"

अलफियानं डोळे मिटले, लहानपणापासूनच्या सवयीनं. "नाई."

जैबुनबीनं तो हात दाबला. "आता?"

"नाई अम्मी."

तिनं आपला दुसरा हात वर ठेवला आणि सगळा भार टाकला. पोरीच्या वळलेल्या बोटांची हाडं तिच्या तळव्याला टोचली. "आता तरी?"

"दाबून राह्यली का तू?" अलफियानं विचारलं.

"काय शोधून राह्यल्या व मायलेकी?" दारातून हुरमतबीचा आवाज आला. साखरेचा डबा तिच्या हातात होता.

जैबुनबीनं हात काढून घेतला. खरं सांगायला एक क्षण होता, आणि तोही तिनं नेहमीसारखाच खर्चला. ओठांवर आलं ते धंद्यातलं, रोजचं, खोटं आहे असं कधी वाटलंच नसतं असं वाक्य. "काही नाई व बाई. सुई राह्यली का काय, असं वाटलं. तेच पाहून राह्यलो."

"सुई?" हुरमतबीनं डबा खाली ठेवला. तिनं सून घरात आल्यापासून या रजईवर शोधायचा हात फिरवला नव्हता, मुख्तार पिंजाऱ्याच्या घराचा मान म्हणून. पण आता खुद्द आईच म्हणत होती. "माहा पोरगा झोपते त्याच्याखाली. थांबा, मी पाहते."

"असू द्या," जैबुनबी म्हणाली. "मी पाह्यलं."

"दोन हात चांगले," हुरमतबी म्हणाली आणि बाजेपाशी आली. तिनं हात पदराला पुसले. डोळे मिटले. उशाकडून सुरुवात केली, रीतीप्रमाणे, दोन्ही तळवे सपाट, सावकाश, टाक्यामागून टाका. चांगले हात होते तिचे, पिढीजात. मधोमध आले. पायथ्याकडे आले. मगजीवर चढले आणि थांबले.

जैबुनबीनं लेकीकडे बघितलं. अलफिया सासूच्या हातांकडे एकटक बघत होती, ती लहानपणी आईच्या हातांकडे बघायची तशी.

"अम्मी," ती म्हणाली, "त्याईले लागल्या."